डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स : शस्त्रक्रिया

अंतस्त्वचेत उगम पावणारा दुर्मीळ कर्करोग. डॉक्टरमंडळी त्याला डीएफएसपी म्हणतात. १९२४ मध्ये दारिए आणि फेराँ या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. छाती, पाठ किंवा खांद्यावर लालसर-तपकिरी, कडक चट्टा उठतो, कालांतराने त्यावर गाठी येतात. दुखत नसल्याने केलॉइड (जुन्या जखमेवर वाढलेला जाड व्रण) किंवा साधी गाठ समजून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. इतर अवयवांत तो क्वचितच पसरतो. पण अर्धवट काढला तर त्याच जागी पुन्हा उगवतो. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया सर्वांत महत्त्वाची. बायोप्सी न करता ‘गाठच तर आहे’ म्हणून ती काढून टाकणे रुग्णाला महागात पडते.

वरून दिसते तेवढीच गाठ नसते. हरळीच्या मुळांसारखे तिचे तंतू चरबीत, कधी स्नायूपर्यंत, आडवेतिडवे गेलेले असतात. त्यामुळे रूढ शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची सुमारे २ ते ४ सेंमी निरोगी दिसणारी त्वचा आणि खाली स्नायूवरचे आवरणही काढतात. मात्र नेहमीच्या तपासणीत तुकड्याचे उभे काप घेतले जातात, त्यामुळे कडेचा थोडाच भाग मायक्रोस्कोपखाली येतो.

ही उणीव मोज शस्त्रक्रिया भरून काढते. अमेरिकी सर्जन फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. तीत पातळ थर काढून, रंगाने दिशांच्या खुणा करून, त्याची संपूर्ण कड आणि तळ तपासतात. जिथे कर्करोगाच्या पेशी उरल्या असतील तिथलाच पुढचा थर काढतात. चेहरा, डोके, मान अशा जागी, जिथे २ सेंमी त्वचाही सहज काढता येत नाही, तिथे हिचा फार उपयोग होतो. गोठवलेल्या कापांत या पेशी निरोगी तंतुपेशींसारख्याच दिसतात. म्हणून अनेक ठिकाणी मेणात बसवलेले काप सीडी३४ रंजनाने (या पेशी ठळक दाखवणाऱ्या रंगाने) तपासतात. त्याला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर जखम ड्रेसिंगखाली उघडीच ठेवतात. ही घाई न करणेच योग्य: कडा निर्दोष ठरण्याआधी फ्लॅप (शेजारच्या त्वचेचा तुकडा) फिरवून जखम बंद केली, तर राहिलेल्या पेशी नेमक्या कुठे आहेत हे पुढे सापडत नाही.

बहुतेक गाठींत गुणसूत्र १७ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन पेशींना वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. तो अडवणारे इमॅटिनिब हे औषध शस्त्रक्रिया अशक्य असल्यास, किंवा मोठी गाठ आधी लहान करण्यासाठी, देतात. कडा निर्दोष करता आल्या नाहीत तर रेडिएशनचा विचार होतो.

गाठ परतलीच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत परतते. पण उशिराही परतल्याची उदाहरणे असल्याने दर ६ ते १२ महिन्यांनी व्रणाची जागा बोटांनी चाचपून तपासणे पुढेही चालू ठेवतात.