रद्दीत दुधाच्या पिशव्या घालू नका, वेगळ्या द्या

नमस्कार. कोल्हापुरात आमचं रद्दीचं दुकान आहे. पोतं काट्यावर ठेवण्याआधी तुम्ही ते सोडून का बघता, आणि एवढी रद्दी असून दर कमी का लावता, असं बरेच ग्राहक विचारतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पेपरांच्या मध्ये कोंबलेल्या, न धुतलेल्या दुधाच्या पिशव्या.

पिशवी गोकुळची असो की दुसरी कुठलीही, कोपरा कापून दूध ओतल्यावरही तळाच्या शिवणीत चमचाभर दूध राहतंच. ते नासतं, ओघळतं, खालचे पेपर एकमेकांना चिकटतात आणि वास सगळ्या गठ्ठ्याला लागतो. मग आमची माणसं हातानं एकेक थर सोडवत बसतात. पावसाळ्यात अळ्याही निघतात. कागद कारखान्यात रद्दी भिजवून लगदा करतात, पण तेल-तुपाचा अंश त्यातून नीट सुटत नाही. मिसळीच्या कटाचं, रश्श्याचं पार्सल गुंडाळलेला पेपरही म्हणूनच रद्दीत नको.

पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबत राहू द्या. सुटा तुकडा कुणाला वेचता येत नाही, गटारीत जातो. रिकामी पिशवी वरून पूर्ण उघडा, भांडी विसळलेल्या पाण्यात हलवून काढा आणि उलटी करून दोरीवर टाका. साबण लागत नाही. अशा कोरड्या पिशव्यांना आम्ही वेगळा, चांगला दर देतो, कारण त्या वितळवून प्लास्टिकचा दाणा (नव्या वस्तूंसाठीचे बारीक मणी) करणारे त्या लगेच उचलतात. ओल्या पिशव्यांच्या दाण्यात बुडबुडे धरतात, दुधाळ असतील तर वासही राहतो.

बाकी थोडक्यात. खोकी मोडून चपटी करा. वह्यांच्या पिना राहू द्यात, प्लास्टिकची कव्हरं काढा. तेलाचे डबे निथळून द्या. वेफर्सची चकचकीत पाकिटं आम्ही घेत नाही. त्यातले प्लास्टिकचे आणि धातूचे थर सुटे होत नाहीत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती आणि जुनी औषधं रद्दीत कधीच नकोत. घनकचरा नियमांप्रमाणे घरातला घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायचा असतो.

पोतं सोडतो ते तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. स्वच्छ रद्दी देणाऱ्याला पूर्ण दर मिळावा, दुसऱ्याच्या ओल्या पेपरांचा भुर्दंड त्याच्यावर पडू नये, एवढ्यासाठी. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का समोरच दिसतो, आकडा स्वतः वाचून घ्या.

माल जास्त असेल तर आमची गाडी घरी येते. पेठांत सकाळी, राजारामपुरी आणि ताराबाई पार्क भागात दुपारनंतर. आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवा. गठ्ठे बांधायला सुतळी हवी असेल तर तीही आमच्याकडून न्या, तिचे पैसे घेत नाही.