सरकारी व खासगी पगारातील तफावत (कोकण किनारपट्टी)

सारख्या कामाला सरकार देते तो मोबदला आणि बाजार देतो तो मोबदला यांतील फरक. कोकणात हा फरक मुंबईपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. तलाठ्याचे मूळ वेतन अंधेरीत असो वा देवगडात, एकच असते. खासगी पगार मात्र त्या त्या गावचा बाजार ठरवतो, आणि कोकणातला बाजार लहान व हंगामी आहे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला; प्रत्यक्ष पगारात तो 2019 च्या सुरुवातीला आला. त्यानुसार शिपायाचे मूळ वेतन 15,000 रुपयांपासून, लिपिकाचे 19,900 पासून, तलाठ्याचे (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, लोकांच्या तोंडी अजून तलाठीच) 25,500 पासून, तर प्राथमिक शिक्षकाचे 29,200 पासून सुरू होते. मूळ वेतनावर महागाई भत्ता चढतो. तो 50 टक्के धरला तरी नव्या तलाठ्याचा आकडा 38,250 वर जातो, आणि घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता त्याहून वेगळे. केंद्राच्या नोकरीत सगळ्यात खालच्या पायरीलाच 18,000 मूळ वेतन आहे.

खालच्या पायरीवर सरकारी पगार बाजारापेक्षा किती पुढे आहे, याचे मोजमाप खुद्द केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने करून घेतले होते. अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासात सरकारी मदतनिसाला सर्व धरून 22,579 रुपये, तर पाहणी केलेल्या खासगी संस्थांत त्याच कामाला 8,000 ते 9,500 रुपये मिळत असल्याचे दिसले. हे आकडे संघटित खासगी संस्थांचे. आंब्याच्या बागेतला राखण्या किंवा काजू फोडणारी बाई त्या पाहणीच्या कक्षेबाहेरच.

कोकणातले ‘खासगी’ म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय तुलना पोकळ राहते. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे पहिला प्रश्न पगाराचा नसून ‘कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे?’ हा असतो. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोघांच्या पगारात, सुट्ट्यांत आणि बोनसात या एका उत्तराने फरक पडतो. ठेकेदाराकडच्या माणसाच्या चिठ्ठीवर सगळ्यात महत्त्वाचा आकडा हजेरीचा: भरलेले दिवस आणि ओव्हरटाइमचे तास. सरकारी चिठ्ठीवर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे अशी उतरंड असते, मग व्यवसाय कर, गटविमा अशी वजावट, आणि आजारपणाच्या रजेने त्यातले फारसे काही हलत नाही.

मच्छीमार बोटीवर तर पगार नावाची गोष्टच अनेकदा नसते. फेरीतून आलेल्या पैशांतून डिझेल, बर्फ आणि शिधा वजा करायचा, उरलेल्यात बोटमालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. चांगल्या म्हावऱ्याच्या महिन्यात हा वाटा लिपिकाला लाजवील. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, आणि राज्याच्या बऱ्याच कर्मचाऱ्यांची 3 टक्क्यांची वार्षिक वेतनवाढ नेमकी 1 जुलैला लागते. बोट शाकारून ठेवलेल्या घरात आणि शेजारच्या मास्तरांच्या घरात एकाच तारखेला दोन वेगळे हिशेब चालू असतात.

सरकार आणि खासगी यांच्या मधली गर्दीही मोठी आहे. गावच्या शाखा डाकघराचा ग्रामीण डाक सेवक पोस्टाचाच माणूस, पण त्याला चार तासांच्या कामाला शाखा डाकपाल म्हणून 12,000 रुपयांपासून भत्ता मिळतो. तो नियमित सरकारी नोकर नाही. एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर गावे चालत होती, आणि त्या घरोघर पोचवणारी यंत्रणा हीच. एसटी हे महामंडळ, म्हणजे तिथले कर्मचारी थेट सरकारी नोकर नाहीत; शासनात विलीनीकरण करा ही मागणी धरून तिथला संप ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत लांबला, त्यामागे हीच तफावत होती. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून पूर्ण पगाराऐवजी मानधन मिळते. प्राथमिकसाठी ते 2023 मध्ये 6,000 वरून 16,000 झाले. सहा हजारांत दूरच्या वाडीवर खोली भाड्याने घेऊन राहणे म्हणजे नोकरी करण्यासाठी घरून पैसे मागवणे होते.

निवृत्तिवेतनाने हिशेब आणखी बदलतो. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन. नंतरच्यांना अंशदानावर आधारलेली योजना. एकाच शाळेत दोन्ही तऱ्हेचे मास्तर भेटतात, आणि मार्च 2023 चा संप याच मुद्द्यावर झाला. खासगी कामगाराचे मालक 15,000 रुपयांच्या मर्यादेवर 8.33 टक्के, म्हणजे महिना 1,250, त्याच्या निवृत्तिवेतनासाठी भरतात. त्यातून मिळणारे किमान निवृत्तिवेतन 2014 पासून 1,000 रुपये आहे.

वरच्या पायऱ्यांवर पारडे फिरते. जयगडच्या बंदरातला अनुभवी अभियंता किंवा चिपळुणात स्वतःचे रुग्णालय चालवणारा शल्यचिकित्सक सरकारी श्रेणीकडे बघतही नाही, आणि ग्रामीण रुग्णालयांना विशेषज्ञ मिळत नाहीत त्याचे हे एक कारण.

घरभाडे भत्ता मात्र कोकणाला उलटा लागतो. सातव्या आयोगाच्या मूळ दराने तो मुंबईत 24 टक्के, तर इथे 8 टक्के होता. 25,500 मूळ वेतनावर मुंबईत 6,120 आणि दापोलीत 2,040 रुपये होत. तरीही मुंबईचा कारकून गावाकडे बदलीसाठी खटपट करतो, कारण इथे वडिलांचे कौलारू घर आहे आणि तिथे घरभाडे भत्त्यात विरारलाही खोली मिळणे कठीण.