इन्कॉग्निटो टॅब बंद केलात का? फोनमधला खासगी डेटा खरंच कधी पुसला जातो

मोबाईलवर इन्कॉग्निटो टॅब, म्हणजे ब्राउझरमधला मागे नोंद न ठेवणारा प्रायव्हेट टॅब, उघडून काहीतरी बघितलं, मग होम बटण दाबून व्हॉट्सॲपवर गेलो, फोन खिशात टाकला, आणि आपल्याला वाटतं झालं, गेलं सगळं पुसून. पण काहीच पुसलेलं नसतं. तो टॅब मागे तसाच उघडा असतो, त्यात कुठे लॉगिन केलं असेल तर तेही चालूच असतं, आणि नंतर घरातल्या कोणी क्रोम उघडून टॅब्स चाळले तर तेच पान समोर येतं.

हे असं का, तर ही सोय मुळात फोनसाठी बनलेलीच नाही. प्रायव्हेट ब्राउझिंग पहिल्यांदा आलं 2005 मध्ये ॲपलच्या सफारीत, तेव्हा आयफोन यायला अजून दोन वर्षं होती. मग 2008 ला क्रोम, 2009 ला फायरफॉक्स. सगळीकडे हिशोब एकच, विंडो उघडा, काम करा, विंडो बंद करा, बंद झाली की ब्राउझर सगळं पुसणार. कॉम्प्युटरवर माणूस काम झालं की विंडो बंद करतो, फोनवर कोण करतं? आपण फक्त एका ॲपमधून दुसऱ्यात जातो, त्यामुळे "बंद झाल्यावर पुसा" यातलं ते बंद होणंच कधी येत नाही.

आता पुसायचं म्हणजे नक्की काय ते बघू. एक हिस्ट्री, म्हणजे कुठल्या साइटवर गेलात त्याची यादी. दुसरं कॅश, पान पुन्हा लवकर उघडावं म्हणून साठवलेले फोटो आणि फाइली. आणि तिसरं कुकीज, ज्या 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी शोधल्या, साइटला तुमची ओळख पटावी म्हणून ठेवलेली छोटीशी नोंद. नेहमीच्या टॅबमध्ये हे सगळं फोनच्या स्टोरेजमध्ये जातं. इन्कॉग्निटोत यासाठी वेगळी, तात्पुरती जागा केली जाते, मुख्यतः रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या मेमरीत. क्रोममध्ये सगळे इन्कॉग्निटो टॅब मिळून ही एकच जागा वापरतात, म्हणजे पाच टॅब उघडून चार बंद केले तरी पाचवा उघडा आहे तोवर पाचही टॅबच्या कुकीज जिवंत.

मग असं वाटेल की रॅमच आहे ना, रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप्स स्वतःच बंद करतं, तेव्हा जाईलच की सगळं. इथे एक भारी गोष्ट आहे. तुमचा टॅब हरवू नये म्हणून क्रोम त्याची स्थिती स्टोरेजवर लिहून ठेवतं, पण एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, आणि ती किल्ली त्या फाइलसोबत ठेवत नाही. टॅब बंद झाले की किल्ली गेली, आणि मग फाइलचा एखादा तुकडा मागे राहिला तरी तो नुसता कचरा, कोणाला वाचता येत नाही. कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकल्यासारखं.

हा द्राविडी प्राणायाम करावा लागतो कारण फोनच्या फ्लॅश स्टोरेजवर एखादी गोष्ट जागच्या जागी खोडता येत नाही. नवीन काही लिहिलं की चिप ते दुसऱ्याच जागी लिहिते, म्हणजे सगळा भाग सारखा झिजेल, आणि जुनी प्रत काही काळ तशीच पडून राहते. म्हणून डेटा शोधून शोधून खोडण्यापेक्षा किल्ली नष्ट करणं कितीतरी पक्कं. फॅक्टरी रीसेट करताना आजचे फोन हेच करतात.

मग आपोआप पुसायची सोय कुठे आहे? मला सगळ्यात आवडलेली डकडकगोच्या ब्राउझरमधली. सेटिंगमध्ये सांगून ठेवता येतं की ॲपमधून बाहेर पडलं की पुस, किंवा 5, 15, 30 मिनिटं किंवा तासभर वापर नाही झाला तरी पुस. म्हणजे माणूस विसरतो हे धरूनच बनवलंय. ज्या साइटवर लॉगिन राहू द्यायचं ती "फायरप्रूफ" करून वगळता येते. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये क्विट केल्यावर डेटा डिलीट करायचा पर्याय आहे, तो चालू केला की तीन टिंबांच्या मेनूत क्विट दिसायला लागतं, आणि लक्षात ठेवा, त्या क्विटवरूनच बाहेर पडायचं, होम बटण म्हणजे क्विट नाही. फायरफॉक्स फोकसमध्ये तर कचरापेटीचं बटण कायम समोरच असतं. आणि क्रोमच वापरायचं असेल तर वरून नोटिफिकेशन खाली ओढा, टोपी आणि चष्म्याचं चिन्ह दिसेल, सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद करा असं लिहिलेलं, त्यावर एक टॅप केला की काम झालं. क्रोम आणि सफारीत आता प्रायव्हेट टॅबला फिंगरप्रिंट किंवा चेहऱ्याचं लॉकही लावता येतं, चांगलंच आहे, पण लॉक म्हणजे पुसणं नव्हे, आत सगळं तसंच असतं.

आपल्याकडे फोन हातोहात फिरतो, मुलं गेम खेळायला घेतात, दिराला ओटीपी बघायचा असतो. अशा घरात एखाद्या मुलीने पाळी चुकल्याबद्दल किंवा सासरच्या त्रासाबद्दल काही शोधलं आणि तो टॅब उघडा राहिला तर काय होऊ शकतं हे मी सांगायला नको. म्हणून मला वाटतं की आपोआप पुसणं ही सेटिंगच्या कोपऱ्यात लपवायची गोष्ट नाही, प्रायव्हेट मोडमध्ये ती आधीपासूनच चालू असायला हवी.

मात्र एवढ्याने सगळ्यांपासून लपता येत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रायव्हेट मोड तपासताना दोन धोके वेगळे मांडले होते, एक ज्याच्या हातात तुमचं यंत्र पडतं तो, दुसरी समोरची वेबसाइट. टॅब पुसल्याने पहिल्यापासून बऱ्यापैकी बचाव होतो, दुसऱ्यापासून फार थोडा. साइटला तुमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, दिसतोच, सिमकार्डवाल्या कंपनीला किंवा ऑफिसच्या वायफायला कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं. इन्कॉग्निटोतही गूगल लोकांची माहिती गोळा करतं या आरोपावरून अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर खटला झाला आणि 2024 च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

डाउनलोड केलेली फाइल पण जात नाही हं, दवाखान्याचा रिपोर्ट इन्कॉग्निटोत उतरवला तरी तो डाउनलोड्समध्ये राहतो, तो हाताने डिलीट करावा लागतो. आणि इन्कॉग्निटोत गूगलला लॉगिन करून सर्च केलंत तर ती नोंद फोनमध्ये नाही, तुमच्या खात्यात जाऊ शकते. तिथलं ऑटो डिलीट वेगळं असतं, गूगल खात्याच्या माय ॲक्टिव्हिटी पानावर जाऊन 3, 18 किंवा 36 महिने निवडायचे, त्यातल्या त्यात 3 ठेवलेले बरे.