टिकटिकणारा काटा, तरंगणारा काटा: स्मिथ्सची दोन मीटरं

जुनी ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टन मोटरसायकल बाळगणाऱ्याला तिच्या वेगाच्या मीटरबद्दल विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळतं: "ओरिजिनल स्मिथ्स आहे." एवढ्यावर दुरुस्तीला हात घालता येत नाही. लंडनच्या क्रिकलवुडमधल्या या कंपनीने ब्रिटिश मोटरसायकलींसाठी दोन अगदी वेगळ्या जातींची मीटरं बनवली, क्रोनोमेट्रिक आणि मॅग्नेटिक. दोन्ही गोल, दोन्हींवर गडद तबकडी आणि पांढरे आकडे, दोन्ही केबलवर चालणारी. आत मात्र एकात घड्याळ आहे आणि दुसऱ्यात लोहचुंबक. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर चांगलं मीटर भंगारात जातं, आणि तसं होताना सर्रास दिसतं.

ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे काट्याची चाल. गाडी तीसवरून पन्नासवर न्या. क्रोनोमेट्रिकचा काटा सरकत नाही, उड्या मारतो. एका जागी थबकतो, सेकंदाहून थोड्या कमी वेळाने टपकन पुढच्या जागी जातो, पुन्हा थबकतो. नव्या माणसाला वाटतं मीटर बिघडलंय. ते बिघडलेलं नाही, त्याची चालच तशी आहे. मॅग्नेटिकचा काटा मात्र सलग वर चढतो आणि कमी वेगात थोडा थरथरतो.

गाडी बंद असेल तर तबकडीच्या खालच्या भागातली बारीक अक्षरं वाचा. नुसतं 'एस' आणि पुढे आकडा, किंवा 'एससी', असेल तर क्रोनोमेट्रिक. 'एसएसएम' असेल तर मॅग्नेटिक. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या रेव्ह काउंटरवर हीच जोडी 'आरसी' आणि 'आरएसएम' अशी दिसते. सालाचा ढोबळ हिशेबही आहे. सीमारेषा साधारण १९६४ची. त्या वर्षीच्या मॉडेलांपासून ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांवर मॅग्नेटिक आलं. साठच्या दशकाच्या शेवटी आलेल्या नॉर्टन कमांडोवर तर तेच असायचं. उलट व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोवरचं ते प्रसिद्ध पाच इंची, १५० मैलांपर्यंत आकडे असलेलं ताटाएवढं मीटर क्रोनोमेट्रिक. फक्त सालावर विसंबू नका. साठ वर्षांत गाडीवरचं मीटर किती वेळा बदललं गेलं, हे गाडीलाही सांगता यायचं नाही.

आता आतली गोष्ट. स्मिथ्स मुळात घड्याळवाल्यांची पेढी, १८५१ सालची, आणि क्रोनोमेट्रिक उघडलं की ते लगेच कळतं. आत मागे-पुढे झुलणारं बॅलन्स व्हील आहे, केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग आहे, टिकटिक घडवणारं एस्केपमेंट आहे. मनगटी घड्याळात असतं तेच, फक्त किल्लीऐवजी गाडीचं चाक त्याला केबलमधून ताकद पुरवतं. मध्ये एक घसरणारा क्लच असतो, त्यामुळे गाडी वीसने जावो की ऐंशीने, घड्याळाची टिकटिक एकाच गतीने चालते. हे घड्याळ ठरावीक वेळापुरतं एका बारीक दात्यांच्या चाकाला केबलशी जोडतं. तेवढ्या वेळात ते चाक जितकं फिरेल, तितका वेग. मग दुसरं चाक तो हिशेब पकडून काट्याला तिथे धरून ठेवतं, पहिलं चाक स्प्रिंगने शून्यावर परततं आणि मोजणी नव्याने सुरू होते. डॉक्टर घड्याळ लावून नाडीचे ठोके मोजतात, अगदी तसं. वेग इथे खरोखर मोजला जातो, म्हणून काटा उड्या मारतो.

मॅग्नेटिकमध्ये काहीही मोजलं जात नाही. केबल एका लोहचुंबकाला फिरवते. त्याच्याभोवती, त्याला न चिकटता, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. हेअरस्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावेल तिथे काटा. भाग कमी, जुळणी सोपी, म्हणून स्वस्त. ब्रिटिश कारखाने याकडे वळले त्यामागचं मोठं कारण हेच, अचूकता नव्हे.

एवढं लक्षात घेतलं की बिघाडांचं कोडं सुटतं. मीटर जास्त वेग दाखवतंय, असं समजू. क्रोनोमेट्रिकमध्ये संशय आधी घड्याळावर घ्यायचा. जुनं तेल चिकट झालं की बॅलन्स व्हील मंदावतं, मोजणीचा ठरावीक वेळ लांबतो, चाक त्या वेळात जास्त फिरतं आणि काटा पुढे जातो. म्हणजे घड्याळ मागे पडलं की वेग फुगतो. ऐकायला उलटं वाटेल, पण सुटे भाग शोधण्याआधी नीट साफसफाई केली तरी पुष्कळदा काम भागतं. मॅग्नेटिकमध्ये वेग फुगण्याची वाट निराळी. केबलमधून वर चढलेलं तेल किंवा ग्रीस वाटी आणि चुंबकाच्या मधल्या फटीत शिरतं, वाटी चुंबकाला चिकटल्यासारखी ओढली जाते आणि उभ्या गाडीवरून निघता निघता काटा शंभरवर जाऊन बसतो. उलट मॅग्नेटिक वेग कमी दाखवत असेल, तर चुंबक वयाने अशक्त झालेला असू शकतो. क्रोनोमेट्रिकला ही व्याधी होतच नाही, कारण त्याच्या हिशेबात चुंबक नाही.

म्हणून दुरुस्ती करणारे हातही वेगळे लागतात. क्रोनोमेट्रिकचं काम घड्याळजीचं आहे. गल्लीतला जुना मेकॅनिकल घड्याळं उघडणारा कारागीर, त्याला नीट समजावून सांगितलं तर, यातलं बरंचसं करू शकतो. भाग सुटे करून धुणं, नेमक्या जागी घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, हेअरस्प्रिंगची लांबी किंचित कमी-जास्त करून चाल जुळवणं. त्याच्या आवाक्याबाहेर जातात ती झिजलेली बारीक दात्यांची चाकं. ती तयार मिळवावी लागतात किंवा दुसऱ्या मीटरमधून काढावी लागतात. मॅग्नेटिकसाठी घड्याळजी पुरत नाही. चुंबकाची ताकद कमी-जास्त करायला खास यंत्र लागतं, ते मीटर दुरुस्त करणाऱ्यांकडेच असतं. वाटी आणि हेअरस्प्रिंग तर इतकी नाजूक, की काटा उपसताना जरा तिरका ओढला की स्प्रिंग कामातून गेली.

उघडतानाच पहिला फरक हाताला जाणवतो. क्रोनोमेट्रिकची काचेवरची रिंग आट्यांवर बसवलेली असते, ती फिरवून निघते. गंजून घट्ट बसली असेल तर झिरपणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, थोडी ऊब द्या, पट्ट्याच्या पान्याने फिरवा. स्क्रूड्रायव्हर लावून हातोडी मारलेल्या रिंगा बाजारात ढिगाने दिसतात, त्यात भर घालू नका. रिंग आणि काच निघाली की मागचे दोन स्क्रू काढून आतलं यंत्र बाहेर घेता येतं. मॅग्नेटिकची रिंग फिरवायची नसते. तिची कड केसवर दाबून मुडपलेली असते. ती थोडी थोडी उचलत गोल जावं लागतं आणि एवढं करूनही तिला पोचे येतातच. तेव्हा नवी रिंग आधी हाताशी ठेवूनच उघडावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात रिंगेखालचं रबर कडक झालेलं मीटर काचेत धुकं धरतं, ते रबर दोन्ही जातींत न चुकता बदलावं.

केबलला ग्रीस लावताना वरचा साधारण सहा इंचांचा तुकडा कोरडाच ठेवायचा. हा नियम दोन्हींना लागू, पण मॅग्नेटिकच्या बाबतीत तो मोडला तर मीटर जातंच.

तबकडीबद्दल माझं मत ठाम आहे: आकडे वाचता येत असतील तर रंग लावू नका. नव्याने छापलेल्या तबकडीवर अक्षरांची जाडी हमखास चुकते आणि जाणकाराला ती लांबूनच दिसते. त्यातही काही जुन्या तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आहे. चमक केव्हाच गेली तरी किरणोत्सार जात नाही. तो खरवडू नये, घासू नये, फुंकर मारून भुकटी उडवू नये. संशय असेल तर तबकडीला हातच लावू नका.

दोन्हींपैकी चांगलं कोणतं, हा वाद गाडीवाल्यांत कायम चालतो आणि मॅग्नेटिकला उगाच कमी लेखलं जातं. स्पीडोमीटर म्हणून क्रोनोमेट्रिक सरस आहे. एकाच सिलिंडरच्या गाडीच्या हादऱ्यांतही त्याचा काटा ठाम राहतो. रेव्ह काउंटर म्हणून मात्र, मूठ झटकन पिळल्यावर, ते प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे असतं. तिथे मॅग्नेटिक अधिक तत्पर. आणि १९७०च्या कमांडोवर 'भारीतलं' म्हणून क्रोनोमेट्रिक चढवणं म्हणजे गाडीच्या इतिहासाशी खोटं बोलणं.

विकत घेताना एक तिसरी जातही भेटेल. भारतात बनलेली, स्मिथ्सच्या जुन्या तबकडीची नक्कल असलेली मीटरं ऑनलाइन जगभर विकली जातात. चेहरा पन्नासच्या दशकातल्या क्रोनोमेट्रिकचा, पोटात चुंबक. १९५५पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटवर रोजच्या वापरासाठी तसं मीटर लावायला हरकत नाही, पण क्रोनोमेट्रिकचे पैसे मोजू नका. विक्रेत्याकडून मीटर फिरवून दाखवणारा व्हिडिओ मागा. काटा सलग चढला तर प्रश्न मिटला.

दुरुस्तीहून आलेलं मीटर तपासायला केबल लावून वेग ठरवता येणारं ड्रिल मशीन पुरतं. दिशा आधी खात्री करून घ्या, क्रोनोमेट्रिक उलटं फिरवू नये. मॅग्नेटिक तबकडीवर बऱ्याचदा १६०० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो, तो म्हणजे एका मैलाला केबलचे फेरे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा १६००च्या मीटरला मिनिटाला १६०० फेरे दिले की काटा साठवर हवा, ८०० दिले की तीसवर. तिथे बरोबर आणि गाडीवर चूक, तर मीटर पुन्हा उघडू नका. मैल मोजणारी आकड्यांची चक्रं थेट दात्यांनी फिरतात, त्यांचा चुंबकाशी किंवा घड्याळाशी संबंध नाही. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर १० किलोमीटर धरा, चक्रांवर सुमारे ६.२ मैल पडायला हवेत. सात पडले आणि काटाही त्याच प्रमाणात जास्त दाखवत असेल, तर चूक मीटरची नाही. चाकाचा आकार किंवा केबल फिरवणारा गिअर बदललेला आहे, तो शोधा.