खेळातल्या लोहाराला सावली द्या

कल्पित जगांच्या रोलप्लेइंग खेळांत गावाचा नकाशा काढताना लोहार हमखास चौकात, उघड्यावर बसवला जातो. वर रणरणतं ऊन, शेजारी गवताने शाकारलेली घरं, आणि लोहारबुवा वितळलेलं पोलाद साच्यात ओतून तलवारी पाडताहेत! ओतीव तलवारी होत्या, पण ब्राँझच्या. ब्राँझचा रस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवरचं गाव असेल, तर तिथला लोहार पातं तापवतो आणि ठोकून घडवतो.

तेही उन्हात नाही. त्याचा तापमापक म्हणजे त्याचा डोळा. अंधारात लोखंड साधारण ५०० अंशांपुढे मिणमिणतं लाल दिसू लागतं. ८०० च्या आसपास डाळिंबी, १००० ला नारिंगी, १२०० ला पिवळं. त्यापुढे पांढुरकं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या, की पोलाद जळतंय असं समजायचं. भर उन्हात सुरुवातीचे तांबूस रंग दिसतच नाहीत. ५०० अंशांची सळई काळीच वाटते आणि नवशिका ती बिनधास्त हातात धरतो. म्हणून तीन बाजूंनी भिंती, वर कौलं आणि रुंद दार उत्तरेला. (तुमच्या जगात सूर्य दक्षिणेकडून जात असेल तर. दोन सूर्य असतील तर लोहाराचं अवघड आहे.)

ऐरण कुठे ठेवायची तेही हा उजेडच सांगतो. तप्त वस्तू प्रारणातून जी ऊर्जा बाहेर टाकते, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. १२०० अंश सेल्सिअस म्हणजे १४७३ केल्विन, ७०० म्हणजे ९७३. गुणोत्तर दीडपट, आणि दीडचा चौथा घात पाचाच्या घरात. म्हणजे पिवळं पातं काळपट लाल पात्याच्या पाचपट वेगाने उष्णता उधळत असतं. भट्टीतून काढल्यानंतरची पहिली काही सेकंदंच सगळ्यांत मोलाची. त्यात पातं पातळ: वजन थोडं, पृष्ठभाग भरपूर. भट्टी आणि ऐरण यांत दोन पावलांहून जास्त अंतर ठेवलंत, तर लोहार निवलेल्या पात्यावर घण घालत राहील आणि पात्याला तडे जातील.

पाच फुटी चौकटींच्या नकाशात ऐरण भट्टीच्या लगतच्या चौकटीत येते. तिचा ओंडका दोनतीन फूट जमिनीत पुरलेला, माथा उभ्या लोहाराच्या मुठीच्या उंचीवर. समोर घणकऱ्यासाठी एक चौकट मोकळी, पाण्याची कुंडी हाताशी. भाता भट्टीच्या मागे आणि दोन कप्प्यांचा: खालचा हवा भरतो, वरचा वजनाखाली दबून ती सलग सोडत राहतो. लोणारी कोळसा वेगळ्या छपराखाली. आणि लोहारसाळ गावाच्या वाऱ्याखालच्या कडेला, रस्त्यालगत.

आता पाणी पाजणं. ८०० अंशांच्या पोलादात कार्बन लोखंडाच्या स्फटिकांमध्ये विरघळलेला असतो. पाण्यात बुडवताच स्फटिकांची रचना पालटते, पण कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो, स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतं: अतिशय कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून पातं घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलकेच तापवायचं. वरचा ऑक्साइडचा थर जाड होत जातो तसे रंग बदलतात, २२०-२३० ला गवती पिवळा, ३०० च्या सुमारास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचं, तलवारीला निळ्यावर.

खेळ रचणारे पातं बुडवायला पाण्याऐवजी राक्षसाचं रक्त आणतात. १२व्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने तर लाल केसांच्या लहान मुलाच्या लघवीत हत्यारं बुडवायला सांगितलं आहे. त्यात कामाचे आहेत ते क्षार. साध्या पाण्यात तप्त लोखंडाभोवती वाफेचं वेष्टण बसतं आणि उष्णता अडते. खारट पाण्यात ते लवकर फुटतं, पोलाद झपाट्याने निवतं. मिठाचं पाणी वापरा, पोराला खेळू द्या.

खेळात घातपाताचं कोडं हवं असेल, तर शत्रूने लोहारसाळेची फक्त दोन कौलं काढावीत. उन्हाचा झोत भट्टीवर पडला, की नारिंगी लोखंडही फिकं वाटतं, लोहार भाता आणखी ओढायला लावतो आणि जादा तापाने पोलादाचा दाणा, म्हणजे आतला एकेक स्फटिक, मोठा होतो. वरून पात्यात काही दिसत नाही. ते लढाईत तुटतं. नीट तापवून पाणी पाजलेल्या पोलादाची तुटकी कड राखाडी, मखमली असते. या तुकड्याची खडीसाखरेसारखी चमचमेल. खेळाडूंच्या हातात तेवढाच तुकडा द्या आणि छपराकडे कोण बघतं ते पाहा.