'डॉक्टर हू'चे 'हरवलेले' भाग: पार्श्वभूमी

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचे जुने भाग हरवले, असं सर्रास म्हटलं जातं. या एका शब्दाने बराच घोटाळा केला आहे. वस्तू हरवते ती नकळत. हे भाग मात्र कागदोपत्री मंजुरी घेऊन पुसले गेले.

मालिका ब्रिटनमध्ये सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या गदारोळामुळे पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. पहिल्या सहा वर्षांत कृष्णधवल २५३ भाग झाले. त्यातल्या एकाचीही मूळ व्हिडिओटेप आज शिल्लक नाही.

टेपा पुसण्यामागची कारणं त्या काळात बघितली तर समजण्यासारखी आहेत. दोन इंची टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. घरी व्हिडिओ पाहणं ही कल्पनाच नव्हती. शिवाय रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही. १९६७ पासून या मालिकेच्या टेपा पुसल्या जाऊ लागल्या.

पण परदेशी विक्रीसाठी याच भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या, आणि सत्तरच्या दशकात त्याही नष्ट केल्या गेल्या. 'तेव्हाची पद्धतच तशी होती' हा बचाव मला इथे मान्य नाही. फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे बचत झाली ती फक्त फडताळातल्या जागेची. बीबीसीचा विक्री विभाग समजत होता की मूळ प्रती दुसरीकडे आहेत. फिल्म सांभाळणाऱ्या विभागाला हा साठा आपल्या अखत्यारीतला वाटत नव्हता. १९७८ मध्ये हे थांबेपर्यंत फार उशीर झाला होता.

जे वाचलं ते कसं वाचलं, हे पाहण्यासारखं आहे. १९६६ मध्ये मालिकेचा नायक असलेल्या डॉक्टरने पहिल्यांदा चेहरा बदलला, म्हणजे कथेतच त्याच्या जागी नवा नट आला. तो अख्खा भाग गेला, पण चेहरा बदलतानाचे काही क्षण १९७३ साली मुलांच्या एका कार्यक्रमात दाखवले होते, म्हणून तेवढे उरले. ऑस्ट्रेलियातल्या सेन्सॉरने भीतीदायक म्हणून कापलेले तुकडे तिथल्या सरकारी दप्तरात पडून होते. १९९६ मध्ये चाहत्यांनी ते शोधून काढले. काही भागांचं आज पडद्यावर हलणारं चित्र आहे ते फक्त सेन्सॉरने नाकारलेलं.

खरी कमाल आवाजाची. साठच्या दशकात काही प्रेक्षक टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून प्रत्येक भाग रिळावर उतरवून घेत. एकाने तर टीव्हीच्या आतल्या तारांनाच रेकॉर्डर जोडला, म्हणून त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीतला आवाज येत नाही. पुन्हा बघायला मिळणार नाही, तर निदान ऐकता यावं, एवढाच त्यांचा उद्देश. २०१३ मध्ये नऊ बेपत्ता भाग मिळाल्यानंतर ९७ भाग बेपत्ता म्हणून मोजले गेले, त्या सगळ्या ९७ भागांचा आवाज या मंडळींमुळे उपलब्ध आहे. ज्यांचं ते काम होतं त्यांनी टाकून दिलं आणि ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं त्यांनी जपलं.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. १९९६ चा एक दूरचित्रवाणी चित्रपट सोडला, तर २००५ पर्यंत पडद्यावर नवीन कथा जवळपास आलीच नाही. त्या वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, श्रुतिका केल्या, आणि जुन्या फिल्म साफ करण्याचं तंत्र आत्मसात केलं. २००५ मध्ये मालिका परत आली ती याच पिढीच्या हातून. चाहता आणि निर्माता यांच्यातली भिंत तेव्हा पडली, आणि जुन्या भागांकडे बघण्याची मालकांची नजरही बदलली. २०१६ मध्ये एका बेपत्ता कथेचे सहाही भाग त्या घरगुती रेकॉर्डिंगच्या आवाजावर अ‍ॅनिमेशन करून प्रदर्शित झाले, पहिल्या भागाच्या मूळ प्रक्षेपणाला ५० वर्षं पूर्ण झाली त्या दिवसापासून.

त्याआधी, नायजेरियातल्या जॉस शहरात, एका प्रक्षेपण केंद्रात फिल्मचे डबे सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. अकरा भाग निघाले, त्यातले नऊ तोवर बेपत्ता होते. एक सहा भागांची कथा त्यामुळे पूर्ण झाली. दुसऱ्या कथेचा तिसरा भाग मात्र मिळाला नाही. तिथे प्रेक्षकाला अजून स्थिरचित्रं आणि चाहत्याने टिपलेला तो आवाज यांच्यावरच किंवा अ‍ॅनिमेशनवर भागवावं लागतं.