जुलैत कूलर का रुसतो?

उन्हाळी सुट्टी संपून वर्ग भरले की पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक प्रश्न लिहितो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर असतो तेव्हा वाळ्याचा कूलर खोली छान गार करतो. जुलैत पारा 32 वर उतरतो. कूलर तोच, टाकी तीच, तरी अंग चिकचिकतं. का? खाली चार पर्याय. एक, पावसाळ्यात टाकीतलं पाणी कोमट असतं. दोन, हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. तीन, ओली हवा जड झाल्यानं पंख्याला ती नीट ढकलता येत नाही. चार, बाहेरच गारवा असल्यानं फरक जाणवत नाही.

समोर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची नव्वदेक मुलं असतात. काटोल, उमरेड, सावनेरहून सकाळच्या एसटीनं आलेलीही बरीच. कूलर सगळ्यांच्या घरी आहे. टाकीत पाणी कोणी भरायचं यावरून सगळ्यांची भावंडांशी भांडणं झालेली आहेत. बाष्पीभवनाची व्याख्या बारावीत घोकून झालेली आहे. तरी उत्तरं चारही पर्यायांत विखुरतात. मला नेमकं तेच हवं असतं.

उत्तर द्यायचं ते बोटांनी, हात छातीशी धरून. एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. हात वर करायला सांगितलं की सगळा वर्ग पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघतो आणि तिच्यामागून हात वर जातात. छातीशी धरलेली बोटं फक्त मला दिसतात. परदेशात यासाठी बटणांची यंत्रं वापरतात. आपल्याकडे बोटं फुकट आहेत.

नजर फिरवून अंदाज घ्यायचा. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असतील, तर मी काहीच सांगत नाही. ‘ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा.’ दोन मिनिटं वर्गाचा अक्षरशः बाजार होतो. चर्चा मराठीत सुरू होते, वाटेत नागपुरी हिंदीत शिरते, व्याख्या तेवढी इंग्रजीत येते. होऊ द्यावी. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार इंग्रजीतच करायला हवा असं नाही. मग पुन्हा बोटं. बहुतेक वेळा दोन बोटांची संख्या चांगलीच वाढलेली असते. बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्याही खाली असतील, तर चर्चा म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवणं. तेव्हा मी सरळ शिकवतो. 70 च्या वर असतील तर पुढच्या मुद्द्याकडे.

ही पद्धत माझी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी ती 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडायची, अवघड गणितंही मुलं सोडवायची. मग त्यांनी बलाविषयीचे अगदी साधे, रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारून पाहिले. एका विद्यार्थिनीनं विचारलं, याची उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे द्यायची, की मला वाटतं त्याप्रमाणे? शिकवणाऱ्या माणसाची झोप उडवायला एवढं वाक्य पुरे.

आता शंका अशी की चर्चेत मुलं हुशार शेजाऱ्याचं उत्तर उचलतात, समजत काहीच नसेल. कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकतेच्या वर्गांमध्ये हे तपासलं गेलं. निष्कर्ष 2009 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आले. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न चर्चेविना सोडवायला दिला. आधी चुकलेली आणि चर्चेनंतर सुधारलेली बहुतांश मुलं नवा प्रश्नही बरोबर सोडवत होती. गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर माहीत नसलं तरी चर्चेचा फायदा झालेला दिसला.

म्हणून माझाही दुसरा प्रश्न तयार असतो: कूलर लावल्यावर खिडक्या बंद ठेवायच्या की एखादी उघडी? कूलर हवेला गार करतो तो पाण्याची वाफ करून. वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. पण हवेत बाष्प आधीच ठासून असेल तर नवं पाणी वाफ होणार कसं? जुलैत सगळ्या नागपूरची हवा तशी असते. बंद खोलीत मे महिन्यातही आपणच तशी करून ठेवतो. ज्याला पहिला प्रश्न खरोखर समजला असेल तो दुसऱ्या प्रश्नावर लगेच म्हणतो, ‘उघडी!’ (तिसरा पर्याय निवडणाऱ्यांना वेगळा धक्का बसतो: सारख्याच तापमानाला ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.)

मागच्या बाकावरून हमखास येतं, ‘सर, टाकीत बर्फ टाकला तं?’ यावर हसू नये. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता घेतो. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे 2400. म्हणजे सातपट. बर्फाच्या पैशात दुसरं काही खाल्लेलं बरं, हे मुलं स्वतःच गणित करून सांगतात.

मी कित्येक वर्षं हे काहीच करत नव्हतो. सलग बोलायचो, शेवटी ‘समजलं का?’ विचारायचो, ‘हो सर’ ऐकायचो आणि समाधानानं टपरीवर चहाला जायचो. 2014 मध्ये अमेरिकेतले जीवशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. नव्वदांच्या वर्गात हा फरक दहा-अकरा मुलांचा होतो. त्यांचे चेहरे मला आठवतात.

पण मुलांना ही पद्धत आवडतेच असं नाही. ‘सर, तुम्ही शिकवणार कधी?’ हे मी ऐकलेलं आहे. 2019 मध्ये हार्वर्डमधल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. स्वतः डोकं चालवलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांना. ओघवतं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळताना आपण ढ आहोत असं वाटतं. म्हणून हा प्रयोग मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतो. तक्रारी निम्म्यावर येतात, हा आपला माझा अंदाज.

हाच भ्रम पाठांतरातही आहे. बर्डीच्या बाजारातून झेरॉक्स आणलेल्या नोट्स पिवळ्या पेननं रंगवून चारदा वाचल्या की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे मोजलं. उतारा दोनदा वाचलेल्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र त्यांना 42 टक्के आठवत होतं. एकदा वाचून मग न बघता लिहून काढलेल्यांना 56 टक्के. त्यामुळे माझा तास कोऱ्या कागदानं सुरू होतो. मागच्या तासाचं जे आठवेल ते तीन मिनिटांत लिहा, वही बंद, गुण नाहीत. गुण ठेवले की कॉपी आलीच.

मुलांचं लक्ष दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, अमक्याला डोळ्यांनी आणि तमक्याला कानांनी शिकता येतं, असल्या गोष्टी प्रशिक्षण शिबिरांत फार ऐकू येतात. दोन्हींना भक्कम पुरावा नाही, सोडून द्या.

सगळ्यात अवघड गेली ती गप्प बसण्याची सवय. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांचे विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. ती वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. कॉलेजातही मला हेच दिसतं. तीन सेकंद फळ्यापाशी मोजून बघा, फार लांब असतात. मी मनात आकडे मोजतो, खडू खिशात ठेवतो, कारण हातात असला की लिहायचा मोह होतो. बाकं जमिनीला ठोकलेली असल्यामुळे एकाआड एक रांगेला मागं वळून बसायला सांगतो. शेवटच्या रांगेपाशी मात्र स्वतः जाऊन उभा राहतो. तिथं काटोलची एसटी पकडायची घाई असते, आणि बर्फाचा प्रश्नही तिथूनच येतो.